डावा हात वीस वर्षं भात्यावरच, आता ऑर्गन शिकायचाय : खान्देशात खाजगी शिकवणी कुणी घेतं का?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी पारोळ्याचा, वय ४३, औषधाचं दुकान आहे. भजनी मंडळात वीस वर्षं पेटी वाजवतो. शिकलो कुणाकडेच नाही, मोठ्या काकांच्या शेजारी बसून बसून आलं. अभंग कानावर पडला की दुसऱ्या कडव्यापर्यंत बोटांना जागा सापडतात, पण हे सगळं उजव्या हाताचं, डावा हात आयुष्यभर भाताच मारतोय.

दिवाळीनंतर चाळीसगावच्या मामांचं जुनं घर रिकामं केलं तेव्हा मागच्या खोलीत पायाचा ऑर्गन निघाला. मामांचे वडील नाटकवाल्यांना साथ करायचे एवढं ऐकून होतो, वस्तू आम्ही कुणी बघितलेली नव्हती. पाच सप्तकं, समोर ओढायच्या खुंट्या, त्यांच्यावर इंग्रजीत नावं, आणि गुडघ्याने बाजूला ढकलायच्या दोन फळ्या. पिकअपमध्ये खाली गाद्या टाकून घरी आणला. पाय मारले की श्वास घेतो अजून, पण मधले सहासात स्वर मुके आहेत आणि एक स्वर पट्टी न दाबता आपोआप वाजत राहतो.

पहिल्या रात्री बसलो, दोन्ही पाय खाली चालू आणि दोन्ही हात मोकळे. उजवा हात लगेच चालायला लागला. डावा मांडीवर पडून राहिला. पट्ट्यांवर ठेवला तरी काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, सा धरून तसाच थांबला. वीस वर्षं वाजवून माझा अर्धाच हात वाजतो हे त्या दिवशी कळलं आणि खरं सांगतो फार लागलं मनाला.

तर मला तीन गोष्टी शिकायच्यात. दोन्ही हातांनी ऑर्गन. त्याच्या मागची थिअरी, म्हणजे कुठल्या स्वराखाली काय शोभतं आणि का. आणि तिसरं म्हणजे चाली बांधणं. आई आपल्या खान्देशच्या कानबाई देवीची आणि लग्नाची अहिराणी गाणी म्हणते, ती मला नीट लिहून घ्यायचीत आणि त्याच वळणाचं नवीन काही मंडळासाठी करायचंय.

एकदा शहरातल्या एका क्लासला गेलो होतो. तीन महिन्यांची फी आधी घेतली, पट्ट्यांवर नंबरांचे स्टिकर लावले आणि ५-५-६-५ असं करून सिनेमाची गाणी वाजवून घेतली. इथे हाच कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे हेच स्वर का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ते पुढे येईल. ते पुढे कधी आलं नाही. नाव सांगत नाही, विचारूही नका. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ कुठेही चालेल, रविवारी दिवसभर मोकळा आहे.

पेटीदुरुस्ती_धुळे
भाऊ, शिकवणीचं दुसरे सांगतील, मी वाद्याचं सांगतो कारण तेच आधी करायला लागेल. तीस वर्षं हेच काम करतोय.

हातपेटी आणि पायाचा ऑर्गन यात एक मोठा फरक आहे जो वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतो. हातपेटीत भाता हवा आत भरून दाबतो आणि ती हवा सुरातून, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पितळी जिभेतून बाहेर पडते. तुमचा जो ऑर्गन आहे तो बहुतेक अमेरिकन पद्धतीचा असणार, मेसन अँड हॅमलिन, एस्टी असल्या कंपन्यांचे जे यायचे त्यातला, आणि तो उलटा चालतो. पायाने तुम्ही आतली हवा काढून टाकता, मग पट्टी दाबली की खोलीतली हवा सुरातून आत ओढली जाते. म्हणजे खोलीत जी धूळ आहे ती प्रत्येक स्वराबरोबर थेट पितळी जिभेवरून जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीची वावटळ उठली की घरात चादरीवर बोटाने नाव लिहिता येतं, मग सुरांची काय गत होत असेल बघा. मुका स्वर म्हणजे दहातले आठ वेळा जीभ आणि चौकट यांच्यामध्ये बसलेला एक कण. सूर हलकेच बाहेर काढायचा, त्याला ओढायचा आकडा मिळतो, मऊ ब्रशने झटकायचा, परत बसवायचा. जीभ वाकवायची नाही, खरवडायची तर अजिबातच नाही. टोकाकडे घासली की स्वर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही.

आपोआप वाजणारा स्वर म्हणजे पट्टीखालची झडप पूर्ण बसत नाहीये. तिथलं चामडं कडक झालं असेल नाहीतर उंदराने कुरतडलं असेल. उंदीर बघाच, मागची फळी काढल्यावर मला निम्म्या वाद्यांत घरटं सापडतं.

आणि हात जोडून सांगतो, भात्याचं कापड सुटलं असेल तर फेव्हिकॉल लावू नका. हे सगळं जुन्या सरसाने चिकटवलेलं असतं, सरस गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो म्हणून पुढच्या माणसाला दुरुस्ती करता येते. फेव्हिकॉल लावलेला भाता उघडताना लाकडाचे तुकडे निघतात आणि माझ्या हाताने मला ते करावं लागतं तेव्हा वाईट वाटतं. मे महिन्यात ४५ अंशाला सरस तडकतो, म्हणून वाद्य बाहेरच्या भिंतीला आणि पत्र्याखाली ठेवायचं नाही. कूलरसमोर तर नाहीच, पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात.

बोरीकाठ
काका, मागची फळी काढली. उंदीर नाही पण कापसाची सरकी निघाली ओंजळभर. ब्रशने चार स्वर बोलते झाले!! तुमचे उपकार.

तापीकाठची
दादा मी भुसावळची, रेल्वे वसाहतीत वाढलेली. शेजारच्या मॅडमकडे लहानपणी सात वर्षं शिकले, त्यांच्याकडे पियानो होता आणि चर्चमध्ये पायाचा ऑर्गन. त्या गेल्या आता. त्यांनी ऑर्गनवर पहिल्या दिवशी जे शिकवलं ते सांगते, कुणाकडे जायच्या आधी करता येईल असं आहे.

पेटीवाल्याचं बोट दुसऱ्या पट्टीवर गेलं की पहिलं उचललं जातं, मध्ये फट पडते पण भजनात टाळ-मृदंगात ती कळत नाही. ऑर्गनवर कळते. बोट उचललं की स्वर तिथल्या तिथे मेला, पियानोसारखा मागे रेंगाळत नाही, आणि जोरात दाबून मोठाही होत नाही. मॅडम एक स्वर धरायला लावायच्या आणि तो न तोडता त्याच पट्टीवर बोट बदलायला लावायच्या. मधलं बोट दाबलेलं असताना त्याच्या शेजारी करंगळी सरकवायची, मग मधलं अलगद काढायचं. स्वर हलता कामा नये. हे एवढंच महिनाभर. कंटाळा यायचा, रडले पण आहे. पण मग ओळ अखंड जायला लागली ना, ती गाण्यासारखी वाटायला लागली.

पायांचंही तसंच. डावा उजवा, डावा उजवा, पण ठेक्यावर नाही!! आपल्या लोकांचे पाय लगेच तालात पडतात आणि मग प्रत्येक समेला आवाज फुगतो. पाय वेगळे चालले पाहिजेत आणि हात वेगळे. घड्याळ लावून नुसता सा धरून पाच मिनिटं पाय मारा, आवाज एकसारखा राहतो का बघा.

सातपुडा_७
भाऊ, हाई गोट शंभर टक्का खरी शे. मी पण हातपेटीवरून कीबोर्डवर आलो आणि डावा हात दोन वर्षं रुसलेला होता.

नवापूरकर
मी आमच्या चर्चमध्ये दर रविवारी वाजवतो. आमच्या भागात मिशनच्या काळापासून गावोगावी छोट्या मंडळ्या आहेत आणि वाजवणारे सगळे असेच तयार झालेले आहेत, थोरल्याच्या शेजारी बसून. आमच्याकडे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालतात. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात एका बाजूला ना. वा. टिळकांची भजनं, अभंग, ती हातपेटी, तबला, झांज यावर. आणि दुसऱ्या बाजूला परदेशी चालीची गीतं, ती चार आवाजांत. सगळ्यात वरचा आवाज म्हणजे चाल, खाली दोन मधले आणि तळाला खर्ज.

बोरीकाठभाऊ, तुमच्या डाव्या हातासाठी ही चार आवाजांची गीतं म्हणजे सगळ्यात चांगली शाळा. कारण त्यात डावा हात नुसते कॉर्ड ठोकत नाही, तळाचा आवाज ही स्वतंत्र चाल असते. मला शिकवणारे म्हणायचे, आधी फक्त खालचा आवाज वाजव आणि तोंडाने वरचा गा. नंतर उलट. दोन्ही हात एकत्र आणायची घाई करू नको. एक गीत, आठ ओळी, मला सहा आठवडे लागले होते. सातवं गीत तीन दिवसांत बसलं.

मुंबईला सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये नळ्यांचा मोठा ऑर्गन बघितला तेव्हा तर कळलं की तिथे पायांनासुद्धा पट्ट्या असतात, तिसरा हात असल्यासारख्या, आणि त्याचं नोटेशनच तीन ओळींत लिहितात. खुंट्यांवर ८, ४, १६ असे आकडे असतात ते फूट आहेत. आठ फुटी म्हणजे त्या ओळीतली सगळ्यात खालच्या स्वराची नळी साधारण आठ फूट लांब. चार फुटी ओढली की तीच पट्टी एक सप्तक वर वाजते, सोळा फुटी ओढली की एक सप्तक खाली. तुमच्या ऑर्गनमध्ये नळ्या नाहीत, सूर आहेत, तरी आकडे असले तर त्याच अर्थाचे. सुरुवातीला एकच आठ फुटी ओढून शिका, सगळं ओढून बसलात तर चूक ऐकू येणार नाही.

श्रुतिवेडा
माझा विरोध नाही पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही आईची गाणी आणि भजन घेऊन थिअरी शिकायला निघालात, ती थिअरी पाश्चात्य असेल तर आपला गंधार, म्हणजे ग, हातचा जाईल. ऑर्गनची पट्टी समान भागांत कापलेली असते. सप्तकाचे १२ सारखे तुकडे, प्रत्येकी १०० सेंट, म्हणून शुद्ध गंधार ४०० वर येतो. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर आहे. चौदा सेंट म्हणजे काही थोडं नाही, कान असलेल्या माणसाला टोचतं ते. पंचम मात्र जवळजवळ तोच, ७०० आणि ७०२. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली आणि ती १९७१ पर्यंत राहिली, त्यामागे हेच कारण सांगितलं जायचं, स्थिर स्वर, मींड म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरणं नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक भेद नाहीत. मी त्या बंदीच्या बाजूचा नाही पण कारण खोटं नव्हतं.

नवापूरकर
सर, मुद्दा बरोबर आहे पण मग नाटकांचं काय. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनच होता ना, आणि तबल्याला थिरकवाँसाहेब. गंधर्वांचे सूर ऑर्गनने बिघडले असं कुणी म्हणत नाही.

श्रुतिवेडा
नाही म्हणत, कारण तिथला ऑर्गनवाला गायकाच्या मागे चालायचा, सा आणि प भरून ठेवायचा, आणि गंधारावर गायक थांबला की स्वतः हलका व्हायचा. ती कला आहे. ती शिकवणारा मिळाला तर माझा काही आक्षेप नाही. आणि खान्देशाचा त्या परंपरेवर हक्क आहे, बालगंधर्व लहानपणी आपल्या जळगावात मेहबूबखाँकडे शिकले, आजही तिथे त्यांच्या नावाने दर वर्षी महोत्सव होतो.

जळगावची_बाई
उशिरा लिहितेय, परीक्षांचे दिवस आहेत. मी घरी शिकवते, गाणं, पेटी आणि थिअरी, एका वेळी एकच विद्यार्थी. जाहिरात करायला आलेले नाही, माझ्याकडे जागाही नाहीये सध्या, पण शिकवणी कशी निवडायची ते आतल्या माणसाने सांगितलेलं बरं.

पहिलं, पहिल्या तासाला शिक्षक तुम्हाला वाजवायला लावतो का ते बघा. जो आधी फीचं कार्ड काढतो आणि तुमचं काहीच ऐकत नाही त्याला तुम्ही कोण आहात ते कळणारच नाही. वीस वर्षं कानाने वाजवणारा माणूस आणि आठ वर्षांचं मूल यांना एकच पहिलं पान कसं चालेल? तुमच्या हाताला राग माहीत आहेत, फक्त नावं माहीत नाहीत. तुम्हाला नावं द्यायची आहेत आणि डावा हात द्यायचाय, एवढंच.

आता थिअरी. भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच घ्या. तुम्ही रोज वाजवता तेच आहेत. बिलावल म्हणजे तिकडचा मेजर. आसावरी म्हणजे तिकडचा साधा मायनर. काफी, खमाज, कल्याण, भैरवी, या प्रत्येकाला तिकडे जुनं नाव आहे, डोरियन, मिक्सोलिडियन, लिडियन, फ्रिजियन. म्हणजे दहातल्या सहांची तुम्हाला आधीच ओळख आहे, नवीन भाषेत नुसतं नाव पाठ करायचं. पण पूर्वी, मारवा, तोडी, भैरव यांना तिकडे तसं सरळ घर नाही, आणि तिथे कॉर्डची घाई करू नये, श्रुतिवेडा सरांचं म्हणणं मला तिथे पूर्ण पटतं. बिलावलच्या भजनाखाली सा-ग-प, म-ध-सां, प-नि-रें हे तीन कॉर्ड लावून बघा. प्रत्येकात कुठला स्वर मागच्याशी सामाईक आहे ते शोधा, तो बोटाखालून सोडायचा नाही, बाकीचे जवळच्या पट्टीवर सरकवायचे. पहिल्या दोघांत सा सामाईक, पहिल्या आणि तिसऱ्यात प. झाली तुमची हार्मनीची सुरुवात, आणि तापीकाठच्या ताईंचं बोट न सोडणं इथेच उपयोगी येतं.

दुसरं लिहिण्याचं. आईची गाणी लिहायची म्हणता तर आधी कुठली लिपी ते ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्याकडे दोन क्लासमधून आलेल्या दोन मुली एकाच कागदावरून गात होत्या, एक वर जात होती, एक खाली. कारण भातखंडे पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, आणि पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र. दोघी बरोबर होत्या! म्हणून वहीवर लिहा. ऑर्गनसाठी पाच रेघांचं नोटेशनही शिकाच, कारण दोन हात एकाखाली एक त्यात जसे दिसतात तसे आपल्या लिपीत दिसत नाहीत.

परीक्षा द्यायच्या का असं सगळे विचारतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत आहेत, पेटीला देता येतात. ट्रिनिटीच्या इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत आहेत, त्यात थिअरीची वेगळी असते. मुलांना परीक्षा लावते कारण त्यांना टप्पा लागतो. तुम्हाला पहिलं वर्षभर तरी नको, परीक्षा लागली की माणूस आईचं गाणं बाजूला ठेवून तीन राग पाठ करत बसतो.

बोरीकाठ
ताई हे मी प्रिंट काढून ऑर्गनवर ठेवलंय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बोटांनी सा-ग-प, म-ध-सां करतो. पण शिक्षक कुठे शोधू ते अजून कळत नाहीये.

सातपुडा_७
ऑनलाइन का नाही करत?

तापीकाठची
मी करते दोन वर्षं, थिअरी ऑनलाइन खूप छान होते, वही कॅमेऱ्यासमोर धरली की झालं. पण ऑर्गन नाही होत नीट. आवाज पोचायला जो क्षणभर उशीर लागतो त्यात दोघांना एकत्र वाजवताच येत नाही, मास्तर ठेका धरतात तो आपल्याला उशिरा येतो, आपण त्यावर वाजवतो ते त्यांना आणखी उशिरा. आणि मोबाईलला सलग धरलेला स्वर गोंगाट वाटतो, तो दाबून टाकतो, अर्ध्या ओळीत ऑर्गन गायब. सेटिंगमध्ये आवाज स्वच्छ करायचा पर्याय असतो तो बंद करा, मग थोडं बरं. शिवाय पाय कोण बघणार? माझी बहीण मोबाईल खाली धरून बसायची.

नवापूरकर
बोरीकाठभाऊ, माझं एक ऐका. तुम्हाला एकाच माणसात तिन्ही गोष्टी मिळणार नाहीत, आपल्याकडे नाहीच तसा कुणी. हात एकाकडे शिका, थिअरी एकाकडे, चाली तिसऱ्याकडे. महिन्यातल्या एका रविवारी इकडे या, उपासना संपली की ऑर्गन दुपारभर मोकळा असतो, मी बसतो तुमच्याबरोबर. पैसे नको. येताना मला तुमचे अभंग शिकवा, ठेक्याचे, आमच्याकडच्या पोरांना तो दिंडीचा ठेका येत नाही.

जळगावची_बाई
हे उत्तम. थिअरीचा तास मी बुधवारी रात्री साडेनऊला काढते, अर्धा तास, ऑनलाइन. जागा नाही म्हणाले होते पण वही बघायला लागते तेवढी जागा आहे. फी बाकीच्यांना आहे तीच.

बोरीकाठ
काय बोलू. येतो. दोघांकडे येतो.

चालीतला_माणूस
चाली बांधण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून बालनाट्यांपर्यंत पंधरा वर्षं चाली करतोय.

पेटीवाल्याने चाली करू नयेत असं काही नाही, गोविंदराव टेंबे मूळचे पेटीवादक आणि १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. पण पेटीवाल्याला एक धोका असतो, चाल बोटं करतात. बोटांना सवयीच्या जागा असतात, रोजच्या अभंगाच्या, आणि नव्या शब्दांवर तीच जुनी वळणं येऊन बसतात. म्हणून माझी पद्धत अशी की चाल करताना वाद्यापासून लांब. शब्द आधी नुसते मोठ्याने बोलायचे. अहिराणीत तर हे फारच महत्त्वाचं कारण अहिराणी बोलतानाच हेल काढते. शेवटचं अक्षर कुठे लांबतं, कुठे तुटतं, प्रश्न विचारताना आवाज कुठे चढतो. ‘कथा चालना रे भो’, म्हणजे कुठे चाललास रे भाऊ, हे आपला माणूस बोलतो तेव्हा त्यातच तीन स्वर आहेत. ते तीन पकडा. चाल तिथून वाढवा. मग वाद्यावर बसा.

कानबाईच्या गाण्यांचं म्हणाल तर तुम्हाला आढळेल की बहुतेक गाणी चारपाच स्वरांतच फिरतात. गरिबी नाही ती, रात्रभर जागरणात पन्नास बायांनी एकत्र म्हणायचं असतं, सगळ्यांचा गळा पोचला पाहिजे. त्यात तुम्ही नवीन कराल तर तेवढ्याच स्वरांत करून बघा. पहिली दहा गाणी पाच स्वरांच्या बाहेर जायचं नाही असा नेम करा. आणि लिहून घेताना आईला ‘गाऊन दाखव’ म्हणू नका, माणूस दाखवायला लागला की वेगळं गातो. ती पोळ्या लाटताना म्हणते तेव्हा बाजूला बसा.

श्रुतिवेडा
ही शेवटची ओळ फार मोलाची आहे.

पेटीदुरुस्ती_धुळे
बोरीकाठभाऊ, झडपेचं चामडं मिळालं. मेंढीचं, मऊ. अमळनेरला एका लग्नाला येतोय, तसाच पारोळ्याला येऊन बसवून जातो. चहा पाजा म्हणजे झालं.

बोरीकाठ
मंडळी, चार महिने झाले, धाग्यावर आलो नाही म्हणून माफी. सगळं सांगतो.

काकांनी झडप बसवली, सगळे स्वर बोलतात आता, फक्त वरच्या सप्तकातला एक नि थोडा कापरा आहे तो तसाच ठेवलाय. नवापूरला चार वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेला दादांनी मला एका गीताचा फक्त खालचा आवाज दिला, डाव्या हातात, आणि वरची चाल ते स्वतः गात होते. चौथ्या ओळीला खालचा आवाज एक एक पायरी उतरत जातो आणि वरची चाल चढते. तिथे माझा हात थरथरला, कारण पहिल्यांदा मला डाव्या हाताचं वाजवलेलं ऐकू आलं. दादांना सांगितलं तर ते म्हणाले जर्मन संगीतकार बाखसुद्धा शिष्यांना असंच बसवायचा, नवशिक्या ऑर्गनवाल्यांसाठी त्याने प्रार्थनागीतांवरच्या छोट्या रचनांची एक वहीच केली होती. मी त्यांच्या पोरांना दिंडीचा ठेका आणि दोन अभंग दिले. पोरं माझ्यापेक्षा लवकर शिकतात.

बुधवारचा तास कधी चुकवला नाही, एकदा लाईट गेली तर मोबाईलच्या टॉर्चवर वही धरली. ताईंनी पाच रेघांवर लिहायला लावलं, आधी फार जड गेलं. आता उजव्या हाताची ओळ वाचतो, डाव्याची अजून बोटावर मोजून.

आईचं सांगायचं होतं. चालीतला माणूस म्हणाले तसं केलं, विचारलं नाही, बसलो नुसता. श्रावणात कानबाईचे रोट करायला घेतले तेव्हा ती गहू निवडताना म्हणत होती. अकरा गाणी मिळाली वहीत. भातखंडे पद्धत, पहिल्या पानावर लिहिलंय. एक गाणं मात्र लिहिताच येईना. तिचा सा पांढरी पाचला, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर आहे, रे सापडला, म सापडला, पण ग कुठेच बसेना. कोमल लिहिला की माझ्या कानाला खोटा, शुद्ध लिहिला की खोटा. रेकॉर्ड करून पन्नास वेळा ऐकलं. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे, आणि दर वेळी तिथेच आहे, ती चुकत नाहीये. ताईंना ऐकवलं, त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, लिहू नका, तिथे गोल करा आणि शेजारी लिहा ‘आईचा’.

मग एका रात्री तिला ऑर्गनजवळ बसवलं. ती म्हणाली तू वाजव मी म्हणते. मी उजव्या हाताने चाल धरली तर ती गंधारावर येऊन थांबली, म्हणाली हे नाही. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. मग मी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. फक्त डावा, सा आणि प, एकच आठ फुटी खुंटी, पाय सावकाश. ती म्हणायला लागली आणि तिचा ग त्या दोघांच्या मधून आरामात गेला, कुठे घासला नाही. चारही कडवी म्हणाली. मी डाव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत हलवली नाहीत.

संपल्यावर तिने विचारलं, हाई पेटी आपलीच शे ना, कोणले परत देनी नही ना?

श्रुतिवेडा
रेकॉर्डिंग असेल तर मला पाठवाल का, तो गंधार मोजून बघायचाय. तंबोरा पांढरी पाचला लावून ठेवतो.

नवापूरकर
पुढच्या रविवारी येताना वही घेऊन या. आणि जमलं तर आईंना पण आणा, दुपारी जेवण आमच्याकडे.